मतदान, पिनार देल रिओ

मी पानं वाचतो, ते पानं वळतात; वीस वर्षं हेच.
आज पुढच्या पुस्तकाला मतं मागितली
आणि अख्खा सिगार-कारखाना तंबाखूवरून उठला.

ओस्निएलला खुनाचीच गोष्ट हवी. "पण या खेपेला
शेवट आधी बायकोला सांगायचा नाही, वाचकबुवा.
ती गावभर करते."
(करते. कबूल.)

यामिला तोच जाडजूड प्रेमग्रंथ मागते:
"बाराव्या प्रकरणाला मी नवऱ्याला पुरत होते.
तेवढं एक वाचा. बाकीचं पाठ आहे."

सत्तरीचा विसेंते मुंग्यांवरच्या पुस्तकासाठी भांडला.
मुंग्यांवरच्या! त्यात म्हणे कुणी उगाच रडत नाही.

कवितांना एक मत. कुणाचं, ते कुणी सांगेना.

मग एउलालिया. कानांनी तिची साथ सोडून नऊ वर्षं झाली.
तिनं बोट ठेवलं जहाजाच्या त्या जुन्या कादंबरीवर.
"का?" मी हातानंच विचारलं.

"त्यातल्या वादळात," ती जरा मोठ्यानंच बोलली,
"सगळ्यांचे हात थांबले होते.
चाळीस सिगार कमी भरले त्या दिवशी."

सुऱ्या टेबलांवर वाजायला लागल्या.
मुकादम तेवढा गप्प.
मी चष्मा पुसला.