च

त्या कादंबरीत, पान एकशे बारा,
भुजंग आणि रमाकांत रामटेकहून निघतात,
गाडी चुकते, धर्मशाळेत उतरतात,
आणि लेखक एवढंच लिहितो:
थंडी फार होती. दोघांना एकच पांघरूण होतं.
पुढचं प्रकरण सकाळी सुरू होतं.

महालातल्या छापखान्यात तिसरी आवृत्ती चालली होती.
मे महिना. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून
पोऱ्या भिंतीला टेकून झोपलेला,
आणि शेहेचाळीस डिग्रीत मी ती थंडी वाचत होतो
गॅलीवर बोट ठेवून.
मालक म्हणाले, पुस्तक शाळेत लागून राहिलं, मास्तर,
हे एकच-बिकच कशाला?
दोन माणसं, दोन पांघरुणं. एकेक करा.

मी समासात खूण केली.
क ला मात्रा. च च्या जागी क.
इतकं सोपं होतं.

खिळे पुंडलिक हेडाऊ जुळवायचा.
इतवारीतला, विणकराच्या घरचा,
पांघरुणाचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळे.
चिमट्याने त्याने च उचलला,
पण केसमध्ये परत टाकला नाही.
माझा हात ओढून तळव्यावर ठेवला,
माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली,
म्हणाला, ठेव बे, कुठंतरी लागन.
शाई तीन दिवस गेली नाही.
मीही फार घासली नाही.

पुढे टीव्हीवर कोणी तिची मालिका केली.
रमाकांतातला कांत काढला, रमा उरली.
रमा भुजंगला भाकर वाढायची, रुसायची,
बागेत पदर सावरत पळायची.
आम्ही पंचवीस जण शेजाऱ्यांच्या ओसरीत बसून पाहायचो.
पुंडलिक नसायचा.
त्याचं लग्न तोवर तुमसरला होऊन गेलं होतं.
पत्रिका मीच तपासली होती.
एकही चूक सापडली नाही.

मग ऑफसेट आलं, शिसं किलोवर गेलं.

परवा तन्वी वैरागडे आली घरी,
सव्वीस वर्षांची, दोन पायांत दोन रंगांचे मोजे,
मोबाईलवरच्या मालिकेसाठी तीच कादंबरी
पुन्हा करून राहिली.
फुटाळ्याच्या काठावर भुजंग
रमाकांतचं तोंड ओंजळीत धरतो.
मला कमी ऐकू येतं म्हणून तिने आवाज वाढवला,
पण तिथे कोणी बोलतच नव्हतं.
पोरं चांगली आहेत. थरथरतात, खरी वाटतात.
मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.
मग विचारलं, पांघरूण कुठाय?
ती हसली. आता लपवायचं काहून, काका?
बरोबर आहे तिचं.
आणि तरी.

तुमच्या वेळी लोकांना कळायचं का, म्हणते,
हे सगळं, ओळींच्या मधलं?
मी म्हटलं, ओळींच्या मधे
मोकळी जागा नसते, पोरी.
शिशाची पट्टी असते.
कागदावर उमटत नाही,
उचलायला गेलं की मनगट दुखतं.
आणि खिळे सारे उलटे.
आम्ही उलटंच वाचायला शिकलो,
सुलटं आपोआप कळायचं.
तिने ते लिहून घेतलं.
पुंडलिकचं नाव मी सांगितलं नाही.

काल बर्डीवर गेलो होतो, पुस्तकांच्या दुकानात.
नवी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर तीच दोन पोरं,
कपाळाला कपाळ.
एकशे बारावं पान आता एकशे चौतीसावं झालंय.
थंडी फार होती. दोघांना एकेक पांघरूण होतं.

बाहेर एवढं सगळं उघडं झालं
आणि आत माझी चूक तशीच्या तशी,
नव्या फाँटमध्ये, गोऱ्या कागदावर.

पेन्सिल खिशात असतेच.
तिच्याजवळ तो च असतोच, झिजलेला, उलटा.
मी मात्रा खोडली. क खोडला.
समासात लिहिलं, जे लिहायचं होतं.

दुकानदार काउंटरवरून ओरडला,
ओ काका, घेऊन राहिले का खराब करून राहिले?
घेतो न बे, म्हणालो,
आणि गठ्ठ्यातली दुसरी प्रत उघडली.