निळी ताडपत्री

पूल वाहून गेला त्याच्या चौथ्या दिवशी ते आले.
सरकार नव्हे. सरकारचं हेलिकॉप्टर
दोनदा ब्लॅकगमच्या घळीवरून घुमलं
आणि आम्ही चादरी हलवत राहिलो, खुळ्यासारखे.

हे मात्र चालत आले, कमरेइतक्या चिखलातून.
खांद्यावर चेनसॉ,
दोघांमध्ये दांडीला टांगलेला जनरेटर,
आणि एकाच्या कोटाच्या आत, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेलं
डेलबर्टचं इन्सुलिन.
हे मी आधी सांगते.
कुणीही विचारलं तरी हे मी आधी सांगते.

एमेट नावाचा दाढीवाला छपरावर चढला.
निळी ताडपत्री ठोकताना गुणगुणत होता
आमच्याच चर्चमधलं काहीतरी, थोडं बेसूर.
डबाबंद हॅम दिलं, खारी बिस्किटं दिली.
जेवायला बसताना टोप्या काढल्या त्यांनी.
बंदुका नाही काढल्या. मी पाहिलं,
आणि पातेल्यात पुन्हा डाव फिरवला.

सहाव्या दिवशी वही निघाली.
साधंच होतं सगळं: घरात माणसं किती, औषधं कोणती,
विहिरीला वास येतो का.
मग, मुलगा केवढा?
एकोणीस.
नेम कसा आहे त्याचा?
मी हसले. म्हटलं, हरणांना विचारा.
तेही लिहून घेतलं.

रात्री शेकोटीपाशी बोलायचे,
मदत आली नाही ती का आली नाही,
कुणी येऊ दिली नाही,
पुढच्या खेपेला पाणी नसेल, माणसं असतील.
कोल्टरच्या तळहातांना फोड आले होते.
एमेटनं त्यांवर मलम लावलं, पट्टी बांधली,
आणि बांधता बांधता त्याला 'गडी' म्हणाला.
बापानं त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.
मीही नाही.

फेब्रुवारीत काउंटीनं लोखंडी पूल बसवला.
फीत कापली, फोटो काढले.
कोल्टर तोवर गेला होता,
वरच्या वाटेनं, त्यांच्या ट्रकमधून.

रविवारी फोन येतो. आवाज जाड झालाय.
बाबांचं इन्सुलिन आहे ना, विचारतो.
कुठे आहेस, सांगत नाही.
खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे, डेलबर्ट म्हणतो,
आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

छपराचे नवे पत्रे कधीचे परसात पडलेत.
ताडपत्री काढायची म्हणून मी शिडी लावते,
वर जाते, एक खिळा उपटून बघते.
पक्कं काम.
वर्ष झालं,
थेंब गळलेला नाही.