बाहेरचा कोपरा

रविवारी सकाळी सातला चिमणबागेत
चुन्याची पिशवी घेऊन मीच पहिला.
रेघा मारणारा माणूस येणार असतो, तो येत नाही.
मग आधी मीच मैदान आखतो
आणि नंतर दिवसभर त्याच रेघांना भितो.

होम.
आमच्या घरी या शब्दाला समिधा लागतात, तूप लागतं.
इथे तो रबराचा पांढरा तुकडा, पाच कोनांचा,
लहान मूल काढतं तसं घर:
दोन भिंती, वर छप्पर.
पण तसं ते दिसतं फक्त पिचरला.
मी कॅचरच्या मागे वाकून उभा,
माझ्याकडून छप्पर खाली, बुटांवर रोखलेलं.
डाव संपला की मैदानाकडे पाठ करून
मी ते उलटं घर झाडतो
रंगकामाच्या दीड इंची ब्रशने.

आठवडाभर मी नगर निगमच्या
पाणीपट्टीच्या खिडकीत असतो.
रविवारी खिडकी हवेत काढतो,
गुडघ्यापासून छातीपर्यंत,
रुंदीला सतरा इंच, गज नाहीत, काच नाही.
प्रत्येक पोराची वेगळी. बुटक्याची बुटकी.
तिच्यातून चेंडू गेला की नाही
हे जगात एकट्या मला दिसतं.
म्हणजे, दिसलं असं मी म्हणतो.

बायको सांगते, झोपेतही अंगठा हलतो तुमचा,
काय मोजता हो एवढं?
बॉल, स्ट्राइक, बाद. क्लिकरची तीन चाकं.
मानधन साडेतीनशे, पोहे-जलेबी वेगळी.
व्याही विचारतात, मग क्रिकेट का नाही?
बावीस वर्षांत याचं उत्तर मला सुचलेलं नाही.

त्या रविवारी परदेशीपुरा आणि महू, सोळा वर्षांखालची पोरं.
शेवटचा डाव, दोघं बाद, तिसऱ्यावर धावक,
तीन बॉल, दोन स्ट्राइक.
बॅटवर दिपांशु कुशवाह,
हेल्मेट उसनं, भुवयांवर घसरणारं.
चेंडू आला बाहेरच्या कोपऱ्याने.
कॅचरचा पंजा वाजला
आणि माझ्या तोंडून स्ट्राइक निघून गेला,
मी ठरवायच्या आधी.

"अबे भिया, चश्मा बनवा लो!"
कुणीतरी पाण्याचा पाउच भिरकावला,
तो माझ्या नाही, स्कोअर लिहिणाऱ्या निमगावकरांच्या वहीवर फुटला.
दिपांशु काही बोलला नाही.
हेल्मेट काढलं, दुसऱ्याचं म्हणून जपून ठेवलं,
जाता जाता होमवरची माती
पायाने पुसून गेला.
राग होता की सवय,
हा निकाल मी अजून दिलेला नाही.

मंगळवारी खिडकीशी एक बाई.
तीन महिन्यांचं बिल, सहाशे रुपये, अधिभार वेगळा.
नोटा मोजता मोजता थांबली.
"आप वोई हो ना, संडेवाले?
वो बॉल बाहर थी के नी?"
मागे सात माणसं. माझ्या हातात शिक्का, अधांतरी.
मैदानावर मला असं कुणी विचारत नाही,
तिथे फक्त ओरडतात.
"बाहर थी," मी म्हणालो. "इत्ती-सी."
आणि दोन बोटांत दाखवली,
बिलाच्या कागदाला लागणार नाही एवढी जागा.

ती हसली नाही. रागावलीही नाही.
"छोरा भी येई के रिया था.
के रिया था, अंधा तो है,
पर पेली पारी से
दोनों तरफ का अंधा है."

पावतीची घडी घातली, ब्लाउजात खोचली,
"नल में पानी भी तो भेजो," म्हणाली
आणि गेली.

बावीस वर्षांची प्रमाणपत्रं घरी ट्रंकेत आहेत,
जिल्ह्याची, संभागाची, एक लॅमिनेट केलेलं.
मी पुढच्याला म्हटलं, या.
आणि टेबलाखाली, खिशातल्या क्लिकरची
तिन्ही चाकं
अंगठ्याने शून्यावर आणली.