उद्यमनगर, रात्रपाळी

निसार म्हणाला, तिथं पाणी असंल म्हणत्यात.
मी लेथवरनं रिंग उतरवली,
मायक्रोमीटर लावला :
दोन शतांश जास्त.

आजच्या वेगानं सत्तर हजार वर्षं.
आमची बेअरिंगं
दिवाळी ते दिवाळी टिकत नाहीत.
आणि वाटेत उद्यमनगर नाही.
मध्यरात्री गॅस्केट फुटलं
तर शटर वाजवून कुणाला उठवायचं,
उधारी कुणाच्या वहीत मांडायची?

'पोरं शिकतील की,' तो म्हणाला,
'मग त्यांची पोरं.'

व्हय. पण ज्यांनी पाऊसच पाहिला नाही
त्यांना गंज म्हणजे काय
हे कुठल्या बोलीत सांगायचं,
आणि ऑइलचा डबा
कोण कुणाच्या हातात देणार, लेका?

तो काही बोलला नाही.
मी रिंग परत चकात धरली.
त्यानं न सांगता
कुलंटचा नळ सोडला.