रद्द केलेली नोंद

सोवेतबेक-बाइके बॉयलरवर कोळसा ओढायचा.
शाळा, दवाखाना, टपालघर,
तिघांची ऊब त्याच्या एका फावड्यावर.
अत-बाशीत त्याला आणखी कशासाठी ओळखत असतील
तर हसण्यासाठी.

दुर्बिणीचा आरसा त्याने घासून काढला होता
इस्सिक-कुलच्या धक्क्यावर मोडीत निघालेल्या
बोटीच्या गोल खिडकीतून.
दोन हिवाळे पिंपाभोवती,
एक घासा, एक पाऊल, एक घासा.
"नवरा नाही, मळणीचा घोडा केलाय मी,"
बायको सगळ्यांना सांगायची.
जन्मभर पाण्याकडे बघत आलेली काच,
तिला आता म्हणायचं, जरा वर बघ.

मी बारा वर्षांचा. माझ्याकडे वही आणि बॅटरी,
बॅटरीच्या तोंडावर आईचा शाळेतला लाल रुमाल.
उणे सव्वीस. शाई गोठते, म्हणून पेन्सिल.

डोक्यावर सात दरोडेखोर.
तुमच्याकडे म्हणे ते ऋषी आहेत.
आमच्याकडे ते घोडे पळवायला निघालेत,
ध्रुव म्हणजे लोखंडी खुंटा, त्याला दोन घोडे बांधलेले,
रात्रभर फेऱ्या, चोरी काही होत नाही.

त्यांच्या पायाशी एक तारा. नाव नाही,
नुसता आकडा, फोन नंबरासारखा.
दर साडेतीन दिवसांनी त्याच्यापुढून एक ग्रह जातो
आणि उजेड कमी होतो, शंभरातला एक.
"समज, भट्टीच्या तोंडावरून माशी गेली,
आणि तू नदीपलीकडे बसून ऊब मोजतोयस."

मी विचारलं, तिथे कोणी राहतं का?
"तिथे? माझ्या भट्टीहून गरम आहे ते.
पण आधी रिकामं घर ओळखायला शीक.
भरलेलं मग कळेल."

फेब्रुवारीतली ती रात्र. ग्रहाची पाळी नव्हती,
तरी बसलो, कारण आकाश धुतलेलं
आणि त्याला झोप येत नव्हती.
कॅमेरा मिनिटामिनिटाला डोळा मिटायचा, उघडायचा.
दुपारी शाळेच्या कॉम्प्युटरवर ठिपके मांडले.
सपाट. सपाट. सपाट.
तीन दहाला खड्डा.
तीन चाळीसला परत काठावर.

बाइकेने टोपी काढली.
टोपीशिवाय तो मी पहिल्यांदा पाहिला.
काळ्या नखाचं बोट खड्ड्याच्या काठाकाठाने फिरलं.
दुसरा ग्रह? लांबचा? पाण्याचा?
हे सगळं मीच बोलत होतो.
तो म्हणाला, शेजाऱ्याला विचार.

शेजारी म्हणजे शेजारचा तारा,
ज्याच्याशी ताडून बघायचं तो साक्षीदार.
मांडला. त्याच्याही पोटात खड्डा.
तीन दहा. तीन चाळीस.

"दोन तारे ठरवून खोटं बोलत नाहीत.
जे काही मधून गेलं, ते आपल्या बाजूने गेलं."

टोपी घातली. गल्लीत दारोदार विचारलं,
रात्री तीनला कोण जागं होतं?
बुरुलकान म्हातारीचा गोवऱ्यांचा ढीग
कालच्यापेक्षा निम्मा.
"माझी बांडी अडली होती. पायाळू निघालं.
कान गोठायला लागले त्याचे, म्हणून आत आणलं, चूल पेटवली.
का रे, तुमच्या आकाशाला काही झालं?"

"झालं," बाइके म्हणाला. "थोडंसं."

चुलीमागे पोत्यावर ते उभं राहू बघत होतं,
चार पाय चार दिशांना,
ओल्या नाकातून वाफ.
बाइके गुडघ्यांवर बसला
आणि घड्याळ न बघता बघत राहिला.
बघता बघता त्याचे हात कोळशाचे आहेत हे विसरून
त्याने ते पुसलं, आणखी काळं केलं.

आमच्या वहीत शेवटचा रकाना असतो,
नोंद रद्द, कारण.
तिथे बहुतेक ढग असतात, चंद्र असतो, एकदा कुत्रा.
त्याने पेन्सिल मागितली. लिहिलं, धूर.
मग म्हातारीला काहीतरी विचारून
त्याच रकान्यात, जागा नव्हती तरी कोंबून,
कालवड. गाय-वासरू सुखरूप.