तूट

हेर्ल्याच्या फाट्याला आमचं शेड.
पत्रा निळा, काटा पांढरा, वही माझी.
पहाटे पाचला पहिली ट्रॉली येते
लसूणघासाची, अंगावर दव घेऊन.
दादगोंडा मालक म्हणतात,
"दव म्हंजे पाणीच की.
आन पाण्याला मी किलोला चार रुपयं मोजतोय."

खोटं नाही.
शंभर किलो हिरवं आत जातं,
बावीस-तेवीस किलो वाळकं बाहेर येतं.
उरलेलं आभाळात.
त्या आभाळाची पावती माझ्याकडं आहे,
फाइलला लावलेली,
चिपाडाच्या बिलाखाली.

मग उशिरा कापा म्हणावं,
तर ऊन चढलं की पान कुरकुरतं,
नुसतं उचललं तरी झडतं.
काडी तेवढी हातात.
काडीलाही वजन असतं, काटा फसतो.
म्हैस फसत नाही.

गंगावेशीचा गवळी गोळी मुठीत घेतो,
चुरतो, हुंगतो, भाव विचारत नाही.
आधी विचारतो, "पान किती हाय?"
मी प्रयोगशाळेचा कागद पुढं करतो:
प्रथिनं अठरा टक्के.
सोळाच्या खाली आलं की किलोमागं दोन रुपये कमी,
आणि दोन रुपयांतच आमचं सगळं बसलेलं,
इलाहीचा पगार, मशीनचा हप्ता,
सुतळी, चहा.

ऊसतोड सुरू झाली की तर बोलूच नका.
रस्त्याच्या कडेला वाड्याच्या पेंढ्या,
मिळेल त्या भावाला.
आमच्या गोळ्यांची पोती थप्पीला,
आणि मालक दारात उभे,
कारखान्याच्या धुराकडं
पाहुण्याकडं बघावं तसं बघत.

माघात कागद आला: पंधरा पूर्णांक चार.
"पान गेलं कुठं?" मालकांनी विचारलं,
इलाहीला, मला, मशीनला.
मशीन गरम होतं, बोललं नाही.

मला माहीत होतं.
पान खाली असतं. नेहमीच.
पट्ट्याखाली, चाळणीखाली, पोत्याच्या शिवणीत,
हिरवी बारीक भुकटी, पापण्यांवर बसणारी,
सगळ्या शेडमधलं सगळ्यात महाग.
वहीत तिला नाव एकच: केर.

आणि केर कल्लव्वाचा.
पाचला झाडू टेकवते,
भुकटी ओंजळीनं पदरात भरते,
गाठ मारते,
माझ्याकडं बघून विचारते, "वजन करू?"
दर वेळी विचारते.
दर वेळी मी काट्यावर कापड टाकतो,
काट्यावर धूळ बसू नये म्हणून.

तिच्या दारात एकच शेळी.

त्या रात्री मी हिशेब मांडला.
रोजचे सव्वातीन किलो, महिन्याचे दिवस सव्वीस,
भाव पानाचा धरावा की केराचा
इथं पेन अडलं.
पानाचा धरला तर चोरी होते.
केराचा धरला तर
आम्हीच तिला टोपली लावायला पाहिजे.
शेवटी रकान्यात लिहिलं:
हवेतली तूट.

मालकांनी वाचलं.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"हवा लई खाती रं," म्हणाले,
आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चाळणीखाली ताडपत्री आली,
चार कोपरे दगडांनी दाबलेली.
तीन कोपरे.
चौथ्याचा दगड कुणी आणलाच नाही.

पाचला कल्लव्वानं किटलीतून चहा दिला,
शेळीच्या दुधाचा.
मालकांनी घोट घेतला, थांबले.
"आज दाट हाय," म्हणाले.

मी वहीत काही लिहिलं नाही.