शेऱ्याचा रकाना

भादव्यात तापी चहासारखी येते.
गढूळपणा दोनशे चाळीस,
तुरटीची पोती भराभर रिकामी,
आणि फिल्टर हाउसवर रात्रपाळीचे आम्ही तिघं:
तपासणीच्या टेबलाशी मी, पंपावर सुहेल तडवी,
आणि रिटायर होऊनही घरी न गेलेला
व्हॉल्व्हवाला झिपरू आबा.

पहाटे साडेचारला आबा टाकीच्या कठड्याशी जातो,
पाठ सातपुड्याकडे, तोंड दक्षिणेला,
हात ताठ करून क्षितिजावर मूठ धरतो.
मुठीच्या माथ्यावर, जरा डावीकडे, तो.
"उगना अगस्ती," म्हणतो,
"आते पानी निवयी."

आमच्या गावावरून तो दीड मुठीहून वर
कधीच चढत नाही.
केळीच्या पानांआडून जेमतेम दिसतो,
आणि एवढ्या खाली हवा जाड, म्हणून
लाल, हिरवा, निळा, परत पांढरा,
वेल्डिंगच्या ठिणगीसारखा फडफडतो.
खरा रंग पांढरा, किंचित पिवळट.
बी.एस्सी.च्या वहीत अजून आहे:
तापमान सात हजारांच्या वर,
आपले सत्तर सूर्य ओळीनं मांडावेत
एवढी रुंदी,
उजेड दहा हजार सूर्यांचा.
रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल यालाच मान.
आत्ता डोळ्यात शिरलेला किरण
तीनशेहून जास्त वर्षं चालत आलाय.
निघाला तेव्हा इथं पूल नव्हता, रूळ नव्हते,
तुरटी मोजायला मी नव्हते.
तापी गढूळ असणारच.

मी आबाला समजावलं:
पाऊस ओसरतो, माती तळाला बसते,
पाणी त्यानं निवळतं, ताऱ्यानं नाही.
आबा म्हणाला,
"मंग मी काय येगळं सांगी ऱ्हायनू?"
आणि डबा उघडला.
हादग्याच्या फुलांची भाजी.
"हाई बी अगस्तीच," म्हणाला. "खाय."

ज्यानं समुद्राचं आचमन केलं
त्याच्या नावाचं फूल, भाकरीवर.
विंध्याला वाकवून दक्षिणेला गेला
तो परतलाच नाही म्हणतात.
दक्षिणेतच उगवतो, दक्षिणेतच मावळतो,
शब्द पाळायचा म्हणजे किती पाळायचा.

त्या आठवड्यात आकडे उतरत गेले:
एकशे नव्वद. अठ्ठ्याऐंशी. एकतीस.
नऊ आला त्या पहाटे
मी नळी दिव्याशी धरून बराच वेळ बघत बसले,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
का कुणास ठाऊक, लिहून टाकलं:
अगस्ती हजर, ४.३०.

पुढच्या महिन्यात जळगावहून साहेब आले.
लाल पेन त्या ओळीवर थांबलं.
"हा अगस्ती कोण?
हजेरीपटावर नाव नाही याचं."
मी गप्प. आबा खिडकीबाहेर.
ग्रीसचे हात चिंधीला पुसत सुहेल पुढं आला.
"मीच तो, साहेब."

साहेब गेल्यावर त्यानं सांगितलं:
मामू कुवेतला ट्रक चालवायचा.
तिकडं याच ताऱ्याला सुहैल म्हणतात,
तो दिसला की वाळू निवते, रात्री घोंगडी लागते.
"मी जन्मलो त्या हप्त्यात मामूनं तो पाहिला.
फोन केला गावच्या एसटीडीवर.
ट्रंककॉलचे पैसे संपत आलेले,
म्हणून नाव एकदाच सांगितलं."

मी म्हटलं, इतकी वर्षं बोलला नाहीस.
"आबा रोज नाव घेतो ना," तो म्हणाला,
"दुसरं का असेना."
आणि पंपाचा आवाज बदलला म्हणून पळाला.

आता वैशाख. सूर्य बुडायच्या आत
तोही बुडालेला असतो,
आबाच्या मुठीवर नुसता धुरळा.
नदी अशी उथळ की आकडा चारच्या वर जात नाही,
शेऱ्याचा रकाना कोरा.
काल चहाच्या वेळी सुहेल डोकावला,
रजिस्टर उलटं करून वाचू लागला:
"मॅडम, माझी रजा मांडली का?
बिनपगारी नका मांडू."